बांगडीची चौकशी

रत्नागिरी,
९ नोव्हेंबर १९८५

तुळसा,

आशीर्वाद लिहिले तर म्हणशील मोठेपणा मिरवते, नाही लिहिले तर म्हणशील रागावलीय. म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात करते.

विशेष काही नाही. दिवाळी आली. दरवर्षी करंज्या आपण दोघी करायचो, यंदा एकटीने केल्या. पोफळीच्या गाडीच्या कंडक्टरकडे डबा दिलाय. डबा परत पाठवला नाहीस तरी चालेल.

मार्चपासून मी तुला सहा वेळा फोन लावला. रघुनाथराव पॉवरहाऊसच्या ऑफिसातून बोलतात. तुझी उरलेली इंजेक्शनं चिपळूणला झाली म्हणतात, मानेतल्या गाठी विरघळल्या म्हणतात, केस पुन्हा यायला लागले म्हणतात. मग मी म्हणते, तुळसाला बोलवा. ते म्हणतात, "ताई, ती आत्ताच बाहेर गेली." सहाच्या सहा वेळा. मी टेलिफोन ऑपरेटर आहे, बावीस वर्षं लोकांची खोटी बोलणी माझ्या कानावरून गेली आहेत. तुझा नवरा त्या कामात अगदी कच्चा आहे.

बांगडी मांजरीबद्दल एकदा लिहून टाकते. तिसऱ्या इंजेक्शनानंतर तू माझ्या घरी झोपून होतीस. उशी सरकवायची ताकद तुझ्यात नव्हती. आणि ती तुझी लाडकी दिवसभर तुझ्या मानेशी, नेमकं त्या गाठींवर डोकं टेकून पडलेली असायची. त्याच आठवड्यात शेजारचा हमीद कुवेतहून सुट्टीवर आला. त्याच्याकडच्या इंग्रजी मासिकात होतं, की मांजरांमध्ये एक विषाणू असतो, त्याने त्यांना रक्ताचा आणि गाठींचा कॅन्सर होतो. त्याने पानभर वाचून दाखवलं. माझ्या डोक्यात तीनच शब्द राहिले: मांजर, गाठी, कॅन्सर. डॉक्टर म्हणाले होते की औषधांनी तुझी प्रतिकारशक्ती गेलीय, साध्या सर्दीपासूनसुद्धा जपा. मग मी काय करायला हवं होतं? तू झोपलीस तेव्हा मी तिला पिशवीत घातलं आणि एका टेम्पोवाल्याकडे देऊन टाकलं. तुला सांगितलं, पळाली.

तीन आठवड्यांनी हमीद तुझ्यासमोर खरं बोलून गेला आणि दुसऱ्या सकाळी तू पोफळीला निघून गेलीस. जाताना "मला विचारायचं तरी होतंस" एवढंच म्हणालीस.

आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुला मी वाढवलं. आपल्या माणसाला वाचवताना कोणी परवानग्या मागत बसत नाही. माझं चुकलं असं मला वाटत नाही.

करंज्यांत खोबरं जरा जास्त झालंय.

मथुरा

*

रत्नागिरी,
१७ डिसेंबर १९८५

तुळसा,

डबा परत आला. रिकामा होता. घासलेलाही होता. करंज्या कोणी खाल्ल्या ते रघुनाथरावांना विचारलं तर म्हणाले, "मी दोन खाल्ल्या, ताई." डब्यात पंचवीस होत्या. मी पुढे काही विचारलं नाही.

आता जे लिहिते ते माझ्या साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल. आमचा नियम तुला ठाऊक आहे. लाइन लागली, दोन्हीकडून हॅलो ऐकू आलं, की कान काढून घ्यायचा. मी आजवर पाळला. परवा मोडला.

मिरकरवाड्याचे कमाल मुकादम रोज दुपारी मुंबईला माशांच्या दलालाला फोन करतात. आज पापलेट किती, सुरमई किती, गाडी किती वाजता निघाली, एवढंच असतं. परवा मी लाइन जोडून कान काढणार तेवढ्यात पलीकडचा दलाल ओरडला, गाडी दोन तास उशिरा का पोचली म्हणून. कमालभाई म्हणाले, "काय करू शेट, आमच्या मांजरीने कोळंबीच्या टोपलीत पिल्लं घातली. बायको टोपली उचलू देईना. दुसरी टोपली आणायला माणूस धाडावा लागला."

मी तिथेच कान काढायला हवा होता. पण दलालाने विचारलं, कसली मांजर रे तुझी? कमालभाई म्हणाले, "अंगावर बांगड्यासारखे पट्टे आहेत आणि शेपटीचं टोक मोडकं."

त्यानंतर मी चिपळूणचा एक कॉल दापोलीला जोडला. ते दोघे गृहस्थ बराच वेळ एकमेकांना ओळखत नव्हते.

आता आणखी एक सांगते. मागच्या पत्रात मी टेम्पोवाला एवढंच लिहिलं. तो बर्फाचा टेम्पो होता आणि मिरकरवाड्याला जाणारा होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. एप्रिलपासून मी आठवड्यातून दोनदा बंदरावर मासे आणायला जातेय. मासे साफ करायचा मला किती कंटाळा आहे ते तू जाणतेस. जेट्टीवर पन्नास मांजरं असतात. मी प्रत्येकीची शेपटी बघायची. यमुनाबाई कोळीण एकदा म्हणालीसुद्धा, "बाय, तू मासे बघतंस की मांजरां?"

पुढच्या रविवारी माझी सुट्टी आहे.

मथुरा

*

रत्नागिरी,
२९ डिसेंबर १९८५

तुळसा,

तीच आहे.

आधी हे लिहिलं, कारण तू पत्रं शेवटापर्यंत वाचतेस की नाही मला माहीत नाही.

कमालभाईंचं घर माशांच्या वखारीच्या मागेच आहे. दार त्यांच्या बायकोने उघडलं. फरीदा नाव तिचं, चाळिशीची असेल, आवाज असा की जेट्टीवरून होडी परत बोलवावी. मी म्हटलं, मी टेलिफोन ऑफिसातली मथुरा. ती म्हणाली, "बिल तर भरलंय." मी म्हटलं, बिलाचं नाही, मांजराचं आहे. तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

बांगडी आत पाटावर बसली होती. पाटावर, तुळसा. खाली घडी घातलेली चादर. ती दुप्पट झालीय. माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मला ओळखलं असणार.

फरीदाने तिचं नाव बेगम ठेवलंय. तिने मला चहा दिला, पण बेगमच्या आणि माझ्या मधे बसून दिला. मी सगळी हकिगत सांगितली. तुझा आजार, हमीदचं मासिक, पिशवी, सगळं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तुमच्या बहिणीला बरं वाटू दे, मी दुवा करीन. पण मांजर मी देणार नाही. बर्फाच्या लादीमागे थरथरत बसलेली मला मिळाली. दहा दिवस बोटाने दूध चाटवलं. ते काय उसनं आणलेलं पातेलं आहे, परत मागायला?"

मी पिल्लं बघू का विचारलं. तिने टोपली दाखवली. मग एकदम तिच्या मनात काहीतरी आलं. टोपली मागे ओढून ती म्हणाली, "पण बाई, त्या मासिकातलं खरं आहे का? माझी सासू दम्याची आहे. बेगम तिच्या पायाशी झोपते. मी काय करू?"

तुळसा, दहा महिन्यांत मी हा प्रश्न कोणाला विचारलाच नव्हता. हमीदने वाचलं आणि मी पिशवी आणली. मधे काहीच केलं नाही. फरीदाने निदान विचारलं तरी.

मी तिला म्हटलं, थांबा, मी चौकशी करते. आमचं कामच ते आहे.

मथुरा

*

रत्नागिरी,
२ फेब्रुवारी १९८६

तुळसा,

तुझं कार्ड मिळालं. अकरा महिन्यांनी दोन शब्द: "पिल्लं किती?"

चार. दोन आईसारखी पट्ट्यांची, एक काळं, एक असं पिवळं की फणसाचा गरा वाटावा. कार्ड मी ऑफिसात नेलं होतं. कोणाला दाखवलं नाही. नुसतं पर्समध्ये ठेवलं होतं.

आता चौकशीचं. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर खानविलकर म्हणून तरुण डॉक्टर आलेत. मी गेले तेव्हा एका म्हशीच्या खुराला पट्टी बांधत होते. प्रश्न ऐकून त्यांनी आधी पट्टी पुरी केली, हात धुतले आणि म्हणाले, "मला ठाऊक नाही. गायी-बैलांचं विचारलंत तर सांगेन. मांजर घेऊन इथे कोणी येतच नाही. पण आमचे सर मुंबईच्या पशुवैद्यक कॉलेजात आहेत, त्यांना विचारता येईल. फक्त ट्रंक कॉल लागता लागत नाही."

मी म्हटलं, तो माझ्यावर सोडा.

सर फोनवर आले. डॉक्टरांनी प्रश्न सांगितला. सर म्हणाले, अंदाजाने सांगणार नाही, आठवडाभर लायब्ररीत बसतो, पुढच्या मंगळवारी लावा. मंगळवारी मी लावला. या वेळी डॉक्टरांनी सरांना विचारलं, की ज्या बाईंचा प्रश्न आहे त्या लाइनवर आहेत, ऐकलं तर चालेल का? सर म्हणाले, ऐकायलाच हव्यात.

सर बोलत होते आणि मी कॉलच्या चिठ्ठीमागे लिहून घेत होते. तसंच तुला उतरवून देते.

असा विषाणू आहे. मांजरांना त्याने खरोखर कॅन्सर होतो. तो मांजराकडून मांजराकडे जातो, थुंकीतून, एकमेकांना चाटण्यातून, चावण्यातून. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात ठेवलेल्या माणसाच्या पेशींत तो वाढवता आला, म्हणून परदेशातल्या शास्त्रज्ञांनाही शंका आली. मग त्यांनी वर्षानुवर्षं शोध घेतला. मांजरं पाळणारी माणसं तपासली, जनावरांचे डॉक्टर तपासले, कॅन्सरचे रोगी तपासले. मांजराकडून माणसाला तो लागला आणि त्यातून कॅन्सर झाला, असं एकाही माणसात सिद्ध झालं नाही.

मी मधेच बोलले. म्हटलं, सर, ते निरोगी माणसाचं झालं. ज्याला आधीच कॅन्सर आहे, औषधांनी ज्याची ताकद गेलीय, त्याला लागू शकतो का?

सरांनी पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. अशा रोग्यांतही शोधलंय, त्यांच्यातही सापडला नाही. पुढे कधीच सापडणार नाही अशी शपथ विज्ञान घेत नाही, पण आज मला विचाराल तर या विषाणूच्या भीतीने मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. मात्र अशा रोग्याने ओरखडा आणि चावा यांपासून जपावं. मांजराची घाण दुसऱ्याने काढावी. हात साबणाने धुवावेत. त्यातून वेगळे आजार होऊ शकतात. ती काळजी खरी आहे."

फरीदाच्या सासूचंही विचारलं. ते म्हणाले, दम्याला मांजराच्या केसांचा त्रास होऊ शकतो, आजीबाईंना खोकला वाढत असेल तर बेगमला दुसऱ्या खोलीत झोपवा. कॅन्सरचा संबंध नाही.

एवढं झाल्यावर डॉक्टर खानविलकर म्हणाले, "बाई, आता निश्चिंत व्हा." मी नाही झाले. मला लाज वाटली.

घरी येऊन बराच वेळ बसले. समजा सर उलट म्हणाले असते, की लागतो, मांजर घालवायलाच हवं. मग मी बरोबर ठरले असते का? तसं मला वाटेना. आजार तुझा होता, मान तुझी होती, मांजर तुझं होतं. तुला उठवून सांगायचं, तू रडली असतीस, भांडली असतीस, आणि मग आपण दोघींनी ठरवलं असतं. मी तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणशील हे मला ठाऊक होतं. तुझ्या अंगात भांडायची ताकद नव्हती त्याचा मी फायदा घेतला.

माझं चुकलं, तुळसा. हे वाक्य मी चारदा कच्चं लिहून मग इथे उतरवलंय.

तुझी ताई

*

रत्नागिरी,
२३ मार्च १९८६

चिरंजीव तुळसा,

तुझं पत्र आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. त्यातली साडेतीन पानं तू मला शिव्या दिल्यास. मी ती सावकाश वाचली, एकही ओळ गाळली नाही. आई असती तर म्हणाली असती, तुळशीला जोर आला.

आणि मग शेवटी तू लिहितेस, की मुंबईला तपासणी झाली, फोटोत कुठेही गाठ नाही, डॉक्टर म्हणाले आता सहा महिन्यांनी या. असली बातमी कोणी चौथ्या पानाच्या तळाला, "येथे आंब्याला मोहर बरा आहे" च्या खाली लिहितं का?

मी ते वाचलं तेव्हा ड्युटीवर होते. बोर्डावर सहा लाइनी लुकलुकत होत्या. पहिला कॉल घेतला तो कमालभाईंचा. मी म्हटलं, कमालभाई, मुंबई नंतर जोडते, आधी घरात निरोप द्या, माझी बहीण बरी झाली. ते म्हणाले, थांबा, आणि फोन तसाच ठेवून गेले. मग मला वखारीमागच्या घरातून फरीदाचा आवाज ऐकू आला. शब्द कळले नाहीत, पण एवढ्या लांबून आणि बंद खिडकीतून कळला तो आनंदच होता. संध्याकाळी तिने ऑफिसात सांदणं पाठवली, सगळ्यांना पुरतील एवढी. साहेबांनी विचारलं, कसली? मी म्हटलं, ईदची. ते म्हणाले, ईद कुठे आहे आत्ता? तरी तीन खाल्ली.

तू लिहितेस, "एप्रिलमध्ये येते, पण तुझ्यासाठी नाही, बांगडीसाठी." चालेल. बांगडी माझ्या घरी नसते, पण जेवायला आणि झोपायला तुला माझ्याकडेच यावं लागेल. फरीदा म्हणते तिच्याकडे उतर. तिचं ऐकू नकोस.

एक आधीच सांगून ठेवते. ती मांजर देणार नाही असं अजून म्हणते. मी मधे पडणार नाही. तुम्ही दोघी काय ते ठरवा.

तुझी वाट बघणारी
ताई

*

रत्नागिरी,
११ मे १९८६

चिरंजीव तुळसा,

तू जाऊन पंधरा दिवस झाले. घरात तुझी एक पिवळी रिबीन सापडली. तुझ्या इतक्याशा कुरळ्या केसांत ती बसतच नव्हती, तरी तू चार दिवस लावत होतीस.

त्या दिवशीचं मी तुला बोलले नाही, आता लिहिते. तू फरीदाच्या ओटीवर खाली बसलीस, हात पुढे केलास, आणि बांगडीने तो हुंगला आणि उठून चालती झाली. मला वाटलं, हेही मीच मोडून ठेवलं. ती वखारीला फेरी मारून आली आणि सरळ तुझ्या मांडीवरून खांद्यावर चढून मानेशी डोकं लावून बसली. तुम्ही कोणी माझ्याकडे बघत नव्हतात ते बरं झालं. फरीदाही तोंड फिरवून चहाचे कप पुसत होती. धुतलेलेच कप होते.

आणि मग तू म्हणालीस, "भाभी, ही इथेच राहू दे. हिला इथलं सुख लागलंय. मला ते फणसाच्या रंगाचं पिल्लू द्या." मी तुला वाढवलं, पण हे मी शिकवलेलं नाही. मला जमलं नसतं. पिल्लू रघुनाथरावांच्या पायजम्याला लोंबकळतं असं ते फोनवर सांगत होते. तक्रार करत होते म्हणे. आवाजावरून मला तसं वाटलं नाही.

आता कालची गोष्ट सांगते आणि पुरे करते.

दुपारी लांज्याहून कॉल आला. शेट्ये म्हणून किराणा दुकानदार आहेत, त्यांना गुरांचा दवाखाना हवा होता. मी रिंग दिली, कोणी उचलेना. डॉक्टर खानविलकर लसीकरणाला खेड्यावर गेलेले. तसं सांगितलं तर शेट्ये म्हणाले, "कधी येतील हो? जरा घाईचं आहे." म्हटलं, जनावर आजारी आहे का? म्हणाले, "जनावर नाही. माझी पोर. नऊ वर्षांची आहे, विमला. रक्ताचा कॅन्सर आहे, मुंबईची औषधं चालू आहेत, आता घरी आणलीय. कोणी म्हणालं मांजरापासून हे होतं, म्हणून तिची मांजर तीन दिवस मागे गोदामात कोंडलीय. पोर जेवत नाही. मांजर सोडून येऊ का कुठे लांब, एवढंच विचारायचं होतं."

तुळसा, माझा हात हेडफोनवर होता. नियमाप्रमाणे मला सांगायचं होतं, सोमवारी फोन करा.

मी म्हटलं, शेट्ये, मी डॉक्टर नाही. सोमवारी खानविलकरांशी बोला आणि तिच्या मुंबईच्या डॉक्टरांनाही विचारा. पण हाच प्रश्न मी विचारला होता, माझ्या बहिणीसाठी, आणि मला काय उत्तर मिळालं ते सांगते. मग सरांनी सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. विषाणूचं, तपासलेल्या माणसांचं, ओरखड्याचं, साबणाचं. चिठ्ठीवरचं वाचावं लागलं नाही, मला ते पाठ झालंय. शेवटी म्हटलं, माझ्या बहिणीचं मांजर मी न विचारता घालवलं होतं, तुम्ही तसं करू नका.

कॉलची तीन मिनिटं होऊन गेली होती. मग पलीकडे कुजबुज ऐकू आली आणि बारीक आवाज आला, "बाबा म्हणतात, तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

मी म्हटलं, सगळं नाही गो. काय विचारायचंय तुला?

ती हळू आवाजात म्हणाली, बापाला ऐकू जाऊ नये असं. "माझ्यामुळे तिला होणार नाही ना? ती माझ्या ताटातलं खाते."

मला वाटलं होतं ती स्वतःसाठी घाबरलीय. तीन दिवस ते पोर जेवत नव्हतं, आणि मांजर कोंडलं म्हणून बापावर चिडलेलंही नव्हतं. तिला वाटत होतं, बरं झालं कोंडलं, मांजर तरी वाचेल.

मी म्हटलं, नाही, विमला. तुझा आजार तुझ्याकडून कोणालाच लागत नाही. मांजराला नाही, बाबांना नाही, कोणालाच नाही. फक्त ताट तिचं वेगळं ठेव, आणि तू जेव.

"नक्की?"

नक्की, मी म्हटलं.

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं. मग लांबून कडी काढल्याचा आवाज, आणि ती कोणाला तरी रागावून म्हणत होती, "एवढी घाण का झालीस गो, चल आत."

बोर्डावर चार लाइनी लुकलुकत होत्या. मी ती लाइन काढली नाही, ऐकत बसले.

तुझी
ताई